नवीन डेटा सेंटरमध्ये फायबर चॅनलचं वेगळं जाळं आता उभारू नये

उत्तरवाट (धागालेखिका)

आमच्याकडे स्टोरेजचं जाळं बदलायची वेळ आली आहे. साठेक सर्व्हर, दोन ऑल-फ्लॅश ॲरे (सामाईक साठवणुकीची यंत्रं) आणि मधे १६ जी (१६ गिगाबिटच्या पिढीच्या) फायबर चॅनलचे, म्हणजे फक्त स्टोरेजसाठीच्या खास जाळ्याचे, चार स्विच; दोन 'अ' फॅब्रिकमध्ये (स्विच-तारांच्या एका स्वतंत्र जाळ्यात) आणि दोन 'ब' मध्ये. स्विचचा सपोर्ट संपतोय. ३२ जी किंवा ६४ जीचे नवे स्विच घ्यायचे, झोनिंग (कुठल्या सर्व्हरला कुठला ॲरे दिसायचा याचे नियम) उचलून त्यावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं, हा सरळ रस्ता आहे. माझं मत असं की तो घेऊ नये. साधं इथरनेट आणि त्यावर एनव्हीएमई-टीसीपी (फ्लॅशसाठीची एनव्हीएमई ही आज्ञापद्धती नेहमीच्या टीसीपीवरून नेणं), असं करावं. विरोधी मत असेल तर ते मला आत्ताच ऐकायचंय, खरेदी झाल्यावर नको.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढते. ३२ जी हे नाव ऐकलं की २५ गिगाबिट इथरनेट मागे वाटतं. प्रत्यक्षात ३२ जीची लिंक २८.०५ गिगाबॉडला (सेकंदाला २८.०५ अब्ज संकेत) चालते आणि एका दिशेला साधारण ३२०० मेगाबाइट प्रतिसेकंद देते. २५ गिगाबिटची कागदावरची कमाल ३१२५. म्हणजे दोन्ही एकाच तोलाची. त्यापुढे इथरनेटला १०० आणि ४०० गिगाबिट मोकळं आहे. ४००चं मानक २०१७ सालीच आलं.

दुसरं, विक्रेते किती उरलेत बघा. कार्डवाली एम्युलेक्स २०१५ मध्ये अवागोकडे गेली, अवागोच पुढे ब्रॉडकॉम झाली आणि २०१७ मध्ये तिनेच स्विचवाली ब्रोकेड घेतली. दुसरी कार्डवाली क्यूलॉजिक कॅव्हियमकडे, कॅव्हियम मार्व्हेलकडे. आज स्विच घ्यायचा तर ब्रॉडकॉम नाहीतर सिस्को, कार्ड घ्यायचं तर ब्रॉडकॉम नाहीतर मार्व्हेल. पुढची आठ-दहा वर्षं ज्यावर काढायची त्यात इतकाच पर्याय असणं मला पटत नाही.

आणि 'इथरनेट स्टोरेज म्हणजे आयस्कझी' (डिस्कच्या जुन्या स्कझी आज्ञा टीसीपीवरून नेणारी पद्धत) हे समीकरणही आता जुनं झालं. आयस्कझीचं मानक २००४ चं, फिरत्या डिस्कच्या काळातलं. १५ हजार आरपीएमच्या डिस्कला अर्धा फेरा मारायलाच २ मिलिसेकंद लागायचे, त्यात जाळ्याने थोडे मायक्रोसेकंद जास्त खाल्ले तर कोणाला कळणार? फ्लॅशवर ते कळतं. एनव्हीएमई फॅब्रिकवर नेण्याचं पहिलं मानक २०१६ मध्ये आलं, टीसीपीचा प्रकार नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजूर झाला, २०१९ च्या लिनक्स ५.० कर्नलमध्ये तो आला आणि २०२१ मध्ये व्हीस्फिअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनेही घेतला. खास कार्ड लागत नाही, खास स्विच लागत नाही.

शेवटचं कारण माणसांचं. आमच्या चमूत झोनिंग हातात धरून करू शकतील असे दोघे आहेत. इथरनेट येणारे अकरा.

शून्य_क्रेडिट

पूर्ण असहमत. तुम्ही कमाल वेगाची तुलना केलीत. स्टोरेजचं जाळं कमाल वेगावर फारसं अडत नाही, ते अडतं गर्दीच्या क्षणी. दोन्हीकडे त्या क्षणी काय होतं ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

फायबर चॅनलमध्ये पाठवणाऱ्या पोर्टाकडे क्रेडिट असतात. समोरच्या पोर्टात जितके बफर, तितकी क्रेडिट. एक फ्रेम (डेटाचा तुकडा) गेली की एक क्रेडिट कमी. समोरच्याने तो बफर रिकामा करून 'पुढची येऊ दे' असा इशारा पाठवला की एक परत. क्रेडिट शून्य झालं की पाठवणारा थांबतो. जागा नसताना फ्रेम निघतच नाही.

इथरनेटची रीत उलटी. आधी पाठवायचं, स्विचच्या बफरात जागा नसली तर तो पॅकेट टाकून देणार, आणि पाठवलेलं पोचलं नाही हे टीसीपीने मागाहून ओळखायचं. एका होस्टने (स्टोरेज वापरणाऱ्या सर्व्हरने) दहा-बारा मार्गांवर मोठी वाचनं एकदम मागितली की सगळी उत्तरं त्याच्या एका पोर्टावर एकाच क्षणी धडकतात. तिथे पॅकेट पडतातच. आता लिनक्समध्ये टीसीपीचा रिट्रान्समिशन टाइमआउट (पुन्हा पाठवण्याआधी थांबायची मुदत) किमान २०० मिलिसेकंद आहे. फ्लॅशवरचं वाचन १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास होतं. एक पॅकेट नेमकं शेवटचं पडलं तर २००० पट थांबायचं. सरासरीच्या आलेखात हे दिसणारही नाही. पण डेटाबेसवाला सरासरीकडे बघत नसतो, त्याची एक लॉग-राइट (व्यवहाराची नोंद लिहिणं) अडकली की तिच्यामागे शेकडो व्यवहार खोळंबतात.

उत्तरवाट

२०० मिलिसेकंद हा शेवटचा उपाय आहे, रोजचा अनुभव नाही. मधलं पॅकेट पडलं तर मागून येणाऱ्या पोचपावत्यांवरून टीसीपीला लगेच कळतं आणि ते पुन्हा जातं. शेवटचंच पडलं तर काय, यासाठी लिनक्समध्ये २०१३ पासून टेल-लॉस-प्रोब आहे, तो साधारण दोन फेऱ्यांच्या वेळात चाचपणी करतो. शिवाय स्विचने बफर भरायच्या आधीच पॅकेटवर खूण करायची आणि पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा, हे डेटा सेंटर टीसीपीमध्ये आहेच. ते २०१७ मध्ये आरएफसी ८२५७ म्हणून छापूनही आलं.

आता तुमच्या क्रेडिटबद्दल. एखादा होस्ट आपले बफर वेळेवर रिकामे करत नाही तेव्हा काय होतं, हेही लिहा ना. तो थांबला की त्याचा स्विच पोर्ट थांबतो, तो थांबला की दोन स्विचमधली लिंक भरते, आणि त्या लिंकवरून जाणारे बाकीचे निर्दोष होस्टही थांबतात. दोन वर्षांपूर्वी आमचा एक जुना बॅकअप सर्व्हर आजारी पडला आणि तक्रार आली ती भलत्याच डेटाबेसची. ॲरे बघितला, होस्ट बघितला, सगळं निरोगी. तीन दिवस गेले. शेवटी लिंकच्या पोर्टावर 'क्रेडिट शून्य असताना थांबावं लागलं' हा काउंटर धावताना दिसला आणि तिथून माग काढत त्या सर्व्हरपर्यंत पोचलो.

दुसरी गोष्ट, 'फ्रेम पडत नाही' हेही अर्धंच खरं आहे. अडकलेली फ्रेम काहीशे मिलिसेकंद पडून राहिली की फायबर चॅनलचा स्विचही ती टाकून देतो. स्टोरेज चालतं क्लास ३ या सेवाप्रकारावर, त्यात पुन्हा पाठवण्याची सोयच नाही. फ्रेम हरवली हे वरच्या स्कझी थराला त्याची मुदत संपल्यावर कळतं, आणि लिनक्समध्ये डिस्कची ती मुदत मुळात ३० सेकंद आहे. तुमचे २०० मिलिसेकंद यापुढे काहीच नाहीत.

शून्य_क्रेडिट

स्लो-ड्रेन, म्हणजे एका मंद होस्टमुळे बाकीचे खोळंबणं, खरं आहे, नाकारत नाही. ३० सेकंदांचंही खरं आहे. म्हणून तर फायबर चॅनलवरच्या एनव्हीएमईच्या दुसऱ्या आवृत्तीत हरवलेला भाग खालच्या थरातच ओळखून पुन्हा पाठवायची सोय घातली. पण तुमच्याच गोष्टीत बघा: तो काउंटर *होता*. पोर्टनिहाय होता. त्याने बोट धरून तुम्हाला गुन्हेगारापर्यंत नेलं. आता तर स्विच स्वतः होस्टला सूचना पाठवतो की या मार्गावर गर्दी आहे, आणि मल्टिपाथ (अनेक मार्गांमधून निवड करणारं होस्टवरचं सॉफ्टवेअर) तो मार्ग टाळू शकतो. इथरनेटमध्ये मिलिसेकंदापेक्षा कमी काळ टिकलेली गर्दी तुम्ही कशाने पकडणार? पाच मिनिटांच्या सरासरीत पोर्ट १५ टक्के वापरात दिसेल आणि पॅकेट मात्र पडलेली असतील.

रात्रपाळी

दोघांच्या मधे शिरतो. मी आयस्कझीवर सात वर्षं काढली आहेत आणि माझी सगळ्यात वाईट रात्र ना क्रेडिटमुळे आली, ना पॅकेट पडल्यामुळे.

ठरवून केलेलं काम होतं. 'अ' बाजूच्या स्विचचं फर्मवेअर बदलायचं, तो रीबूट होणार, सगळे मार्ग 'ब' वर जाणार. आधी चाचणी केली होती, तीही नीट झाली होती. रात्री दोनला रीबूट केला आणि डेटाबेसच्या क्लस्टरमधला एक नोड स्वतःला बाहेर फेकून बंद झाला. मागोमाग दुसरा. मल्टिपाथ 'ब' मार्ग चालू दाखवत होता, नवीन कामं त्यावर जातही होती. पण स्विच बंद झाला त्या क्षणी 'अ' वर जी कामं निघून गेली होती ती परत येईनात. आयस्कझीचा इनिशिएटर (होस्टवरचा भाग) ती धरून बसला होता, की सेशन परत जुळेल. किती वेळ? सेटिंगमध्ये १२० सेकंद होते. मुळातच तेवढे असतात. आणि क्लस्टर आपल्या मतदान-डिस्कवरच्या (कुठले नोड जिवंत ते ठरवायच्या सामाईक डिस्कवरच्या) उत्तरासाठी इतका थांबायला तयार नव्हता.

मल्टिपाथ असेल तेव्हा हा आकडा पाचेक सेकंदांवर आणायचा, हे लिहिलेलं असतं. आम्ही वाचलं नव्हतं. चाचणीच्या वेळी भार नव्हता, त्यामुळे अडकायला हवेत काम नव्हतं आणि ते दिसलं नाही.

हे सांगायचं कारण, उत्तरवाट, एनव्हीएमई-टीसीपीमध्येही असेच आकडे आहेत. लिनक्सवर कीप-अलाइव्ह ('जिवंत आहेस ना' ही विचारणा) ५ सेकंदांचा, आणि कंट्रोलर गमावला असं मान्य करायची मुदत ६०० सेकंदांची. फायबर चॅनलच्या कार्डाचे चालक आणि ॲरेवाल्यांचे दस्तऐवज एकमेकांशी वीस वर्षं घासून जुळलेत, तिथे हे आकडे कोणीतरी आधीच ठरवून दिलेले असतात. इथे ते तुम्हाला स्वतः ठरवावे लागतील. घोडं इथे पेंड खातं.

थेट_स्मृती

टीसीपी आणि फायबर चॅनल असा वाद घालताय आणि तिसरा पर्याय कोणी बोलतच नाही. रॉकी, म्हणजे इथरनेटवरचं आरडीएमए, घ्या. आरडीएमएमध्ये डेटा कार्डाकडून थेट मेमरीत जातो, मधे कर्नलची कॉपी नाही. टीसीपीत प्रत्येक वाचनाला प्रोसेसर राबतो. डेटा डायजेस्ट (डेटा वाटेत बिघडला नाही ना याची पडताळणी) चालू केलात तर सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढायचा भार वेगळा. रॉकीची दुसरी आवृत्ती २०१४ पासून यूडीपीवर आहे, राउटरपलीकडेही जाते. आम्ही मशीन लर्निंगच्या क्लस्टरसाठी वापरतोय, लेटन्सी टीसीपीपेक्षा स्पष्ट कमी.

दोन_पिढ्या

रॉकीच्या निमित्ताने एक जुनी आठवण सांगतो, कारण हा रस्ता एकदा चालून झालाय.

२००९ मध्ये फायबर चॅनल ओव्हर इथरनेटचं मानक आलं. कल्पना अशी की फायबर चॅनलची फ्रेम जशीच्या तशी इथरनेटमध्ये गुंडाळायची, सर्व्हरला दोन कार्डांऐवजी एकच लावायचं, केबल निम्म्या करायच्या. पण फायबर चॅनलला फ्रेम पडलेली चालत नाही. म्हणून इथरनेटला 'थांब' म्हणायची सोय दिली: एकूण आठ प्राधान्यं, त्यातल्या स्टोरेजच्या प्राधान्यापुरतं वाहतूक रोखायची. पीएफसी म्हणतात तेच. आम्ही ते दोन रॅकमध्ये लावलं. तंत्र चाललं. मोडलं ते कामकाज. स्विच नेटवर्कवाल्यांचा, त्यातलं फॅब्रिक स्टोरेजवाल्यांचं. नेटवर्कवाले महिन्यातून एकदा फर्मवेअर बदलायचे, स्टोरेजवाल्यांना वर्षातून एकदाही नको असायचं. एका बाजूने पीएफसीचं सेटिंग बदललं की दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ता नाही. दीड वर्षाने आम्ही गुपचूप परत वेगळी फायबर चॅनल कार्डं घेतली.

रॉकी त्याच पीएफसीवर उभी आहे, निदान बहुतेक ठिकाणी. एक कार्ड बिघडून सतत 'थांब' म्हणत राहिलं तर ते थांबणं मागे मागे पसरत जातं. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्याच डेटा सेंटरांमधल्या अशा 'थांब'च्या वादळांबद्दल आणि एकमेकांना अडकवून बसलेल्या स्विचबद्दल जाहीर लिहिलं. त्यांच्याकडे ते शोधून दुरुस्त करणारी माणसं होती. तुमच्या अकरांपैकी किती जणांनी पीएफसीचे काउंटर वाचलेत?

थेट_स्मृती

आमच्याकडे स्टोरेजचे आणि जीपीयूचे स्विच पूर्ण वेगळे आहेत, सामान्य वाहतूक त्यावर येतच नाही. म्हणून आम्हाला हा त्रास नाही. पण हे मान्य, की मग 'एकच जाळं सगळ्यांसाठी' हा फायदा उरत नाही.

दोन_पिढ्या

तेच म्हणतोय. वेगळेपणाच तुम्हाला वाचवतोय.

नवशिकी

प्रश्न कदाचित अगदी प्राथमिक असेल. एनव्हीएमई हवं असेल तर फायबर चॅनल सोडावंच लागतं का? मी कामाला लागून सहा महिने झालेत. आमचे वरिष्ठ म्हणतात की एफसी (फायबर चॅनल) म्हणजे स्कझी.

शून्य_क्रेडिट

नाही. फायबर चॅनल हे वाहन आहे, आत स्कझी बसवा नाहीतर एनव्हीएमई. ३२ जीच्या पिढीतलं कार्ड आणि स्विच दोन्ही एकाच तारेवरून एकाच वेळी नेऊ शकतात. ॲरेला मात्र ते यायला हवं, आणि होस्टच्या चालकालाही. म्हणून तर मी म्हणतोय की उत्तरवाटबाईंनी स्विच बदलावेत, मग एकेक होस्ट सवडीने एनव्हीएमईवर न्यावा. एका रात्रीत काही उलथापालथ करायची गरज नाही.

एनव्हीएमईचा फायदा कुठे, तेही सांगतो. साटा डिस्कच्या जुन्या एएचसीआय पद्धतीत एकच रांग, तिच्यात ३२ आज्ञा. एनव्हीएमईत ६५,५३५ पर्यंत रांगा. इतक्या कोणी वापरत नाही, पण प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळते, एकमेकांचं कुलूप उघडायची वाट बघावी लागत नाही. सगळा फरक तिथे आहे.

तीन_प्रती

मुळात सॅन (स्टोरेजचं वेगळं जाळं) कशाला? सर्व्हरमध्येच एनव्हीएमई डिस्क घाला, वर सेफ (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणारं सॉफ्टवेअर) टाका. ॲरे नाही, फॅब्रिक नाही, झोनिंग नाही.

रात्रपाळी

सेफ माझ्याकडे आहे आणि ऑब्जेक्ट स्टोरेजला मी दुसरं काही घेणार नाही. पण हिशेब मांडा. तीन प्रती म्हणजे लिहिलेलं प्राथमिक नोडकडे जातं, तिथून दोघांकडे, त्या दोघांची पोच आली की मगच होस्टला पोच. लहान लहान लॉग-राइट करणाऱ्या डेटाबेसला हे जड जातं. आणि एक नोड गेला की प्रती पुन्हा बनवायची वाहतूक याच इथरनेटवरून धावते. जाळ्याचा प्रश्न सुटत नाही, जागा बदलतो.

तारजोड

इतकं वाचलं, पण केबलचा आणि टेपचा उल्लेख कोणीच केला नाही. मी रोज तारांमध्येच असतो म्हणून लिहितो.

६४ जी घ्यायच्या आधी रॅकमधला फायबर कुठल्या जातीचा आहे ते बघा. ओएम३ असेल तर ३२ जी ७० मीटरपर्यंत, ओएम४ असेल तर १०० मीटरपर्यंत. ८ जीच्या काळात १५० मीटर ओएम३ चालून गेलेलं असतं, पॅचपॅनेलमधून वळसे घेत घेत. नवा स्विच लावला, दिवा हिरवा लागला, आणि सीआरसीच्या चुका वाढत गेल्या, हे मी दोनदा पाहिलंय.

टेपचं असं, की एलटीओ या प्रचलित टेपप्रकाराच्या बऱ्याच एफसी ड्राइव्ह ८ जीवर बोलतात, एलटीओ-८ सुद्धा. फायबर चॅनलचं ऑप्टिक (पोर्टात बसणारा प्रकाशाचा जोड) आपल्या मागच्या दोन पिढ्यांशी बोलतं. ६४ जीचं ऑप्टिक ३२ आणि १६ शी जुळेल, ८ शी नाही. त्या पोर्टांसाठी ३२ जीची ऑप्टिक वेगळी घ्यावी लागतील. खरेदीच्या यादीत हे राहून जातं आणि बॅकअपवाल्यांना स्थलांतराच्या दिवशी कळतं.

इथरनेटवाल्यांनाही सोडत नाही. जंबो (९००० बाइटच्या) फ्रेम लावायच्या तर मार्गातल्या प्रत्येक पोर्टावर लावा. एक पोर्ट १५०० वर राहिला तर लक्षण फसवं असतं: पिंग जातं, लॉगिन होतं, व्हॉल्यूम दिसतं, फाइलसिस्टम माउंट होते, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं गोठतं. लहान पॅकेट जातात, मोठी जात नाहीत. तपासायचं तर ८९७२ बाइटचं पिंग करा, तुकडे करू नको असं सांगून. २० बाइट आयपीचे, ८ आयसीएमपीचे, बरोबर ९००० होतात. सगळ्या होस्टवरून, दोन्ही बाजूंनी.

उत्तरवाट

तारजोड, टेपचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे चार एफसी ड्राइव्ह आहेत. आभार.

दोन_पिढ्या यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला, कारण आमच्याकडेही नेटवर्कची चमू वेगळी आहे आणि त्यांचं बदलांचं वेळापत्रक आमच्याशी जुळत नाही.

शून्य_क्रेडिट

मग माझा खरा मुद्दा आता नीट मांडतो. क्रेडिट वगैरे बाजूला ठेवा. फायबर चॅनलमध्ये 'अ' आणि 'ब' ही दोन पूर्ण वेगळी फॅब्रिक असतात. मधे तार नाही. 'अ' वर कोणी चुकीचं झोनिंग चढवलं, अगदी सगळं पुसून टाकलं, तरी 'ब' ला त्याचा वाराही लागत नाही. हे शिस्तीने पाळावं लागत नाही, तार नसल्यामुळे ते आपोआप पाळलं जातं. इथरनेटमध्ये लोक दोन स्विचची जोडी करतात, मधे लिंक टाकतात, दोघांचं सेटिंग एकत्र ठेवतात. त्या जोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला किंवा एका स्क्रिप्टने दोन्हीवर चुकीची ओळ टाकली, की दोन्ही मार्ग एकदम जातात.

उत्तरवाट

पण तार न टाकण्याचा नियम फायबर चॅनलच्या मालकीचा नाही. इथरनेटचे दोन स्विच घ्या, मधे काही जोडू नका, 'अ' ला एक सबनेट, 'ब' ला दुसरं, होस्टच्या दोन पोर्टांची जोडी बांधू नका आणि मार्ग निवडायचं काम मल्टिपाथवर सोपवा. एनव्हीएमईत त्यासाठी एएनए आहे, कुठला मार्ग उत्तम आणि कुठला नाइलाजाचा हे ॲरेच होस्टला सांगतो. आणि हे स्विच स्टोरेजच्या चमूच्या ताब्यात ठेवा.

शून्य_क्रेडिट

तसं करणार असाल तर माझा अर्धा विरोध मावळतो. पण मग तुम्ही वेगळं जाळंच उभारताय की. शीर्षक बघा तुमचं.

उत्तरवाट

शीर्षकात 'फायबर चॅनलचं' आहे. पण हो, पहिल्या लेखात माझ्या मनात सामाईक जाळंच होतं. ते मी मागे घेते.

दोन_पिढ्या

आणखी एक. तुमची दुसरी जागा आहे का, जिथे डेटाची प्रत ताबडतोब जाते? काचेतून प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन येऊन १०. शंभर किलोमीटर म्हणजे प्रत्येक राइटवर किमान १ मिलिसेकंद, मग प्रोटोकॉल कुठलाही असो. फायबर चॅनलवर त्या लांबीला पुरतील इतकी क्रेडिट लागतात. पूर्ण आकाराच्या फ्रेम धरल्या तर १६ जीला किलोमीटरमागे सुमारे ८, ३२ जीला सुमारे १६. लहान फ्रेम असल्या तर त्याहून जास्त. वेग दुप्पट केलात की क्रेडिटही दुप्पट. स्विच बदलून लिंक हळू झाली अशी तक्रार येते तेव्हा पाणी बरेचदा इथेच मुरत असतं.

उत्तरवाट

दुसरी जागा आहे, १८ किलोमीटरवर. म्हणजे ३२ जीला तीनशेच्या आसपास क्रेडिट. ही लिंक आत्ता तरी फायबर चॅनलवरच राहील.

पहारा

सुरक्षेचं राहिलं. झोनिंगमध्ये कोणी कोणाला दिसायचं हे फॅब्रिकच ठरवतं आणि बाहेरच्या माणसाला त्या जाळ्यात शिरायला कार्ड आणि तार दोन्ही हवीत. आयपीवर आलात की ॲरेचा ४४२० हा एनव्हीएमईचा टीसीपी पोर्ट ज्याला दिसला तो दार ठोठावणार. होस्टचं नाव म्हणजे एक मजकूर, कोणीही टंकू शकतो. एनव्हीएमईत ओळख पटवायची सोय आहे, टीएलएसही (वाटेतला डेटा कूटबद्ध करणं) आहे. पण साठ होस्टच्या किल्ल्या कोण सांभाळणार, कधी बदलणार, हे आधी ठरवा. स्विच वेगळे आणि बाहेर जायचा राउटरच नाही, असं ठेवलंत तर धोका बराच आटोक्यात येतो. किल्ल्यांचं काम तरी उरतंच.

उत्तरवाट

इतक्या चर्चेनंतर आराखडा बदलला आहे, तो इथे ठेवते. चारही एफसी स्विचच्या जागी दोनच ३२ जीचे, एक 'अ' आणि एक 'ब'. त्यावर डेटाबेसचे चौदा होस्ट, टेप आणि दुसऱ्या जागेची लिंक. बाकीच्या व्हर्च्युअल मशीनच्या होस्टसाठी एनव्हीएमई-टीसीपी, दोन स्वतंत्र २५ गिगाबिट स्विचवर, मधे तार नाही, ताबा आमच्याकडे. ॲरेला दोन्ही प्रकारचे पोर्ट आहेत. फायबर चॅनल कायमचं ठेवावं असं मला अजूनही वाटत नाही, पण डेटाबेस हलवायचा तर आधी टीसीपीवर आमचं स्वतःचं एक वर्ष जायला हवं.

चाचणी पूर्ण भार चालू असतानाच करणार, रात्रपाळींच्या अनुभवावरून. केबल उपसायची, पोर्ट बंद करायचा, स्विच रीबूट करायचा, आणि प्रत्येक वेळी सर्वात जास्त अडकलेलं काम किती सेकंद अडकलं ते लिहून ठेवायचं.

रात्रपाळी

केबल उपसणं ही सोपी चाचणी आहे. लिंक पडली की कार्डाला त्याच क्षणी कळतं. अवघड चाचणी म्हणजे दिवा हिरवा आणि डेटा जात नाही. होस्टच्या पोर्टाला हात लावू नका. ॲरेकडच्या पोर्टावरून स्टोरेजचा व्हीलॅन (स्विचमधलं आभासी उपजाळं) काढून घ्या आणि घड्याळ लावा. तिथे कीप-अलाइव्हवाचून कळायचा दुसरा मार्ग नाही. मतदान-डिस्क असलेला एखादा क्लस्टर त्या वेळी चालू असू द्या.

उत्तरवाट

व्हीलॅन काढायची पायरी यादीत घेतली, पहिल्याच क्रमांकावर. मतदान-डिस्कचा क्लस्टर दोन होस्टवर वेगळा बांधतेय. आकडे आले की याच धाग्यावर टाकते.